फी भरून होस्टिंग शिकले: माझा अनुभव

घर किंवा फ्लॅट थोड्या दिवसांसाठी पाहुण्यांना भाड्याने देण्याचा, म्हणजे होस्टिंगचा, व्यवसाय शिकवणारे कोच आता हवे तेवढे मिळतात. मी त्यातल्या एकीकडे फी भरून शिकले आणि आज माझी एक जागा व्यवस्थित चालू आहे. कोचवर पैसे घालावेत का, असं ओळखीतले लोक सारखे विचारतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कोच निवडायलाच मला बराच वेळ लागला. एकांनी फोनवर भरभरून कमाईच्या गोष्टी सांगितल्या आणि शेवटी 'आज रात्रीपर्यंत भरलेत तर अर्ध्या फीत' असं सुरू केलं. तुमच्या स्वतःच्या चालू जागांच्या लिंक पाठवा, एवढंच मी म्हटलं. त्या काही आल्या नाहीत. शेवटी ज्या मॅडमकडे गेले त्यांनी पहिल्याच भेटीत आपल्या जागांचं वर्षभराचं कॅलेंडर उघडून दाखवलं, रिकामे महिने आणि वाईट रिव्ह्यूंसकट. फी कोणत्या परिस्थितीत परत मिळेल, तेही करारात स्पष्ट लिहिलेलं होतं. माझा विश्वास बसला तो यामुळे.

रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओंबद्दल फार सांगण्यासारखं नाही. फोटो उजेडात काढा, शीर्षक नेमकं लिहा, ही माहिती फुकटही मिळते. फी वसूल झाली ती दर आठवड्याच्या बैठकीत, जिथे माझे आकडे समोर ठेवून प्रश्न विचारले जायचे.

त्याही आधी नियम. जागा स्वतःची नसेल, भाड्याने घेऊन पुढे द्यायची असेल, तर मालकाची लेखी परवानगी, इमारतीचे नियम आणि स्थानिक कायदा हे तिन्ही तपासल्याशिवाय मॅडम पुढचा धडा सुरूच करायच्या नाहीत. त्यांनी दिलेली उदाहरणं माझ्या डोक्यात पक्की बसली आहेत. न्यू यॉर्कमध्ये सप्टेंबर 2023 पासून 30 दिवसांपेक्षा कमी मुदतीसाठी जागा द्यायची तर नोंदणी सक्तीची आहे. होस्टने स्वतः तिथेच राहायचं आणि पाहुणे जास्तीत जास्त दोन. लंडनमध्ये वेगळी परवानगी नसेल तर अख्खं घर वर्षाला 90 रात्रींपर्यंतच देता येतं. बार्सिलोनाने तर पर्यटकांच्या फ्लॅटचे परवाने 2028 च्या नोव्हेंबरपर्यंत संपवायचं जाहीर केलं आहे. अशा ठिकाणी जागा कितीही सुंदर असली, तरी हा धंदा उभाच राहत नाही.

मग हिशेब. मला एक जागा मनापासून आवडली होती. मॅडम म्हणाल्या, "आवडली हे ठीक आहे, महिन्याला किती रात्री भरल्या की खर्च निघतो ते सांगा." भाडं, वीज, इंटरनेट, विमा असा महिन्याचा ठरलेला खर्च 100 धरला. त्याच मापात, बुकिंगच्या साइटचं कमिशन कापून एका रात्रीचे 9 मिळतात आणि सफाई, धुलाई, सामान यावर सरासरी 3 जातात. उरले 6. म्हणजे 17 रात्री. इथवर मला सगळं छान वाटत होतं. मग त्या म्हणाल्या, "आता मंदीच्या महिन्यात दर 20 टक्के उतरवा." 9 चे 7.2 झाले, सफाईचा खर्च मात्र तेवढाच, म्हणून उरले 4.2. खर्च निघायला 24 रात्री हव्यात, आणि नेमकी त्याच महिन्यात मागणी कमी! दर पाचव्या हिश्श्याने उतरला की रात्री किती वाढतात, हे कागदावर पाहिल्यावर ती जागा मी सोडून दिली. फी तिथेच वसूल झाली असं मी मानते.

जी जागा घेतली, तिथे पाहुणे यायच्या आधी एक रात्र मी स्वतः बॅग घेऊन राहावं, असा त्यांचा आग्रह होता. त्या रात्री कळलं की पलंगाजवळ मोबाईल चार्ज करायला प्लग नाही, बाथरूममध्ये ओला टॉवेल अडकवायला हुक नाही आणि दिव्याचं बटण अंधारात सापडत नाही. फोटोत यातलं काहीच दिसत नाही, पण रिव्ह्यूमध्ये सगळं उतरतं.

सफाईवर मात्र त्यांनी सर्वात जास्त वेळ घेतला. सकाळी 11 ला एक पाहुणे जाणार, दुपारी 3 ला दुसरे येणार, मधले चार तासच आपले. आधी पलंगावरच्या चादरी काढून मशिनला लावायच्या, मग बाथरूम, मग वरून खाली धूळ, आणि फरशी सगळ्यात शेवटी, आतल्या कोपऱ्यातून दाराकडे येत. प्रत्येक पलंगाला चादरींचे तीन संच: एक घातलेला, एक धुण्यात, एक कपाटात. बाथरूमच्या जाळीवरचा एक केस बाकीची सगळी मेहनत पुसून टाकतो, म्हणून ती जाळी निघताना पुन्हा बघायची. शेवटी प्रत्येक खोलीचा फोटो, म्हणजे नंतर काही तुटलं तर पुरावा हातात राहतो.

हे एवढं कशासाठी, ते रेटिंगचं गणित समजल्यावर पटलं. एअरबीएनबी या बुकिंगच्या साइटवर सुपरहोस्ट, म्हणजे उत्तम होस्टचा दर्जा, मिळवायला ताऱ्यांची सरासरी किमान 4.8 लागते. म्हणजे कुणी एकाने पाचपैकी चार तारे दिले, तर ती सरासरी टिकवायला चार जणांचे पूर्ण पाच हवेत. पाहुणा 'छान होतं' म्हणून खुशीने चार देतो आणि आपलं नुकसान होतं. त्यामुळे मॅडमनी मला जाहिरातीत उणिवाही लिहायला लावल्या: लिफ्ट नाही, रस्त्याचा आवाज येतो. ज्याला ते चालत नाही तो बुकिंगच करत नाही, आणि जो येतो तो चिडत नाही. माझ्या मते सगळ्या कोर्समधली ही सर्वात उपयोगी सूचना.

दोन साइटवर जागा टाकली की कॅलेंडर जोडली तरी एकीकडचं बुकिंग दुसरीकडे दिसायला काही तास लागू शकतात, आणि तेवढ्यात तीच रात्र दोघांना जाऊ शकते. म्हणून सुरुवातीला एकाच साइटवर राहा, असं त्यांनी सांगितलं होतं. मी अजूनही तेच करते.

सध्या दुसऱ्या जागेची बोलणी चालू आहेत. मोसमात तिचा हिशेब छान जुळतो, मंदीत नाही. म्हणून त्या महिन्यांपुरतं भाडं कमी करा, मोसमात थोडं जास्त घ्या, असा प्रस्ताव मी मालकांपुढे ठेवला आहे. ते हो म्हणाले तर सही करीन, नाहीतर आहे ती एकच जागा चालवीन.