प्लेट्सचं वय आणि वाया गेलेले सात आठवडे

नौपाड्यातल्या आमच्या घरी काचेच्या कपाटात चिनी मातीच्या सहा प्लेट्स आहेत. गुलाबाची फुलं, सोनेरी कड. आजेसासऱ्यांनी मुंबईतल्या एका अमेरिकन साहेबाच्या सामानाच्या लिलावात घेतल्या, एवढंच सासूबाईंना ठाऊक. न्यू जर्सीहून आलेल्या वन्संनी त्यातल्या दोन मागितल्या आणि वयाचा प्रश्न उभा राहिला. 1972 च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे 100 वर्षं झालेली कलाकुसरीची वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही.

जुन्या वस्तू पारखणाऱ्या दक्षिण मुंबईतल्या एका दुकानाला फोटो पाठवले. लगेच उत्तर आलं, “जर्मन आहेत, दीडशे वर्षांच्या. लेखी हवं तर वस्तू आणून द्या.”

दोन प्लेट्स जुन्या सुती पातळात गुंडाळल्या, दुहेरी गाठ मारली, डब्यात घातल्या आणि ठाण्याहून लोकलने नेऊन दिल्या. दोन हजार आगाऊ भरले. पावतीवर फक्त ‘2 प्लेट’. (तुम्ही कधी दिल्यात तर नक्षी, शिक्का, टवका, सगळं पावतीवर लिहून घ्या आणि त्यांच्यासमोरच फोटो काढा. मला हे सुचलं नाही.)

मग सुरू झाले फोन. साहेब बाहेरगावी. साहेब प्रदर्शनात. रिपोर्ट टाइप होतोय. सही राहिली आहे. दर सोमवारी मी फोन करायचे आणि दर सोमवारी “गुरुवारी या”. दोन गुरुवारी खरंच गेले, हात हलवत परत आले. वन्संची सुट्टी संपली, त्या परत गेल्या. सातव्या आठवड्यात मी काउंटरपाशी पाऊण तास उभी राहिले, हललेच नाही. शेवटी आतून माझाच डबा आला. उघडला. पातळाची गाठ मी मारली होती तशीच, डावं टोक आत खोचलेलं. कुणी सोडलीही नव्हती! माझा आवाज चढला. पैसे परत घेतले आणि डबा छातीशी धरून घरी आले. अजून आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते.

त्याच रात्री सराफाकडून भिंग आणलं. छापील चित्र असतं तर बारीक ठिपके दिसले असते. इथे पाकळीवर कुंचल्याचे फराटे होते, बोटालाही रंगाचा उंचवटा लागत होता. मागे नखाएवढा हिरवा शिक्का होता: पानांच्या वेढ्यात ‘एम’, भोवती ‘हँड पेंटेड’ आणि ‘निप्पॉन’, म्हणजे जपानी भाषेत जपान. जर्मनीचा संबंधच नाही, माल जपानचा. ‘एम’ म्हणजे मोरिमुरा, म्हणजे 1904 साली नागोयाजवळ सुरू झालेला, पुढे नोरिताके म्हणून गाजलेला कारखाना. अमेरिकेत जाणाऱ्या मालावर देशाचं नाव 1891 पासून सक्तीचं झालं. तिथे ‘निप्पॉन’ 1921 पर्यंत चाललं, पुढे ‘जपान’ लिहावं लागलं. म्हणजे आमच्या प्लेट्स 1904 ते 1921 मधल्या. शंभरी पार.

या शिक्क्याच्या नकलाही निघाल्या आहेत, म्हणून नुसत्या शिक्क्यावर जाऊ नका. नकली प्लेट सहसा जड आणि चित्र ओबडधोबड असतं. आणि सोनेरी कड घासू नका, ते सोनं झिलईच्या वर असतं, निघून जातं.

वन्संना फोन करून सांगितलं, प्लेट्स नेता येणार नाहीत. त्या म्हणाल्या, “वहिनी, त्याचं काही नाही. पण मी तिथे असताना त्या घरी असत्या तर हातात घेऊन बघितल्या तरी असत्या.”