वळलं की कट-कट

सरळ रस्त्यावर आमच्या जुन्या हॅचबॅकची काही तक्रार नव्हती. सोसायटीच्या फाटकातून निघताना स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे वळवलं की मात्र पुढून कट-कट-कट सुरू व्हायचं आणि चाकं सरळ झाली की बंद. वडोदऱ्यात असली वळणं टाळता येत नाहीत. दांडिया बाजारात सासरच्या जुन्या घरापाशी गाडी लावायची म्हणजे पुढे-मागे करत अंग चोरून घुसवावी लागते, आणि प्रत्येक कट-कटीला ओट्यावर बसलेली मंडळी माना वर करून बघणार.

गाडीच्या आवाजाचं निदान करायला कुणाला डिग्री लागत नाही. नवऱ्याच्या मते टायरमध्ये खडा अडकला होता. सासूबाईंच्या मते डिकीत देवळातून आणलेला नारळ घरंगळत होता (नारळ खरंच निघाला, पण आवाज होता तिथेच). सोसायटीच्या वॉचमनने "बेन, एक्सल गयो", म्हणजे चाक फिरवणारा दांडा गेला, असं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. त्याचं कुणी मनावर घेतलं नाही, कारण तो सगळ्याच गाड्यांना तेच सांगतो.

खड्याची शंका तशी अगदीच वेडगळ नव्हे. टायरच्या खाचेत खडा असला तर तोही चाकाच्या फेऱ्याबरोबर टकटकतो आणि वेग वाढवला की घाई करतो. पण त्याला वळणाशी काही देणंघेणं नसतं, सरळ रस्त्यावरही तो वाजतोच. बेअरिंग गेलं असेल तर टकटक नसते, घूंऽऽ असा घरघराट येतो आणि वेगाबरोबर चढत जातो. स्टॅबिलायझरची, म्हणजे वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांड्याची, लिंक सैल झाली की ती स्पीडब्रेकरवर खडखडते. आमची कट-कट यांपैकी कशातच बसत नव्हती. तिला दोन गोष्टी एकदम हव्या असायच्या : चाकं वळलेली आणि पाय ॲक्सिलरेटरवर. वळलेल्या चाकांनी गाडी उतारावरून नुसती घरंगळू दिली की ती कट-कट जवळजवळ गप्प बसायची.

हा सगळा तपास शेजारच्या काकांच्या देखरेखीखाली झाला. काका कलाभवनात शिकलेले. सयाजीरावांनी १८९०मध्ये काढलेली ती संस्था आता विद्यापीठाची टेक्नॉलॉजी फॅकल्टी झाली आहे, पण बडोद्याची जुनी माणसं अजून कलाभवनच म्हणतात. पुढे सगळी नोकरी कोयलीच्या रिफायनरीत, पंपांना कान लावण्यात गेली. "अगं, आवाज वर्णन करून सांगू नकोस," ते म्हणाले. "तो कधी बंद होतो तेवढं सांग." मला हा प्रश्न फार आवडला. आपण सगळे आवाज येतो कधी याच्याच मागे असतो.

नवरात्र नुकतं संपलं होतं. ज्या मैदानात आठवडाभरापूर्वी माणसांची रिंगणं फिरत होती तिथे आम्ही गाडी गोल फिरवली. रेडिओ बंद, एसी बंद, काचा खाली. डावीकडे पूर्ण वळवून हळू चक्कर घेतली, आवाज नाही. उजवीकडे घेतली, लगेच कट-कट. काका भिंतीपाशी उभे होते, कारण भिंतीवरून आवाज परत येतो आणि बाजू कळते. "डावं चाक," त्यांनी खूण केली. उजवीकडे वळताना गाडीचा भार बाहेरच्या, म्हणजे डाव्या चाकावर येतो आणि दुखणाऱ्या जागेवर वजन पडलं की ती ओरडते. हा काही अपवाद नसलेला नियम नव्हे, त्यामुळे शेवटी चाकाखाली डोकं घालून बघावंच लागतं.

बघितल्यावर मात्र शंका उरली नाही. डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला, रिमवर आणि शॉकॲब्सॉर्बरच्या खालच्या भागावर काळ्या चिकट ग्रीसचे शिंतोडे गोलाकार उडालेले होते. त्यांच्यावर धूळ बसून वाळली होती. मधोमध एक्सलवरचा घड्याघड्यांचा रबरी बूट, आणि त्याच्या एका घडीत बोट जाईल एवढी चीर.

आता हा बूट तिथे का असतो, हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ॲम्बॅसेडर आणि पद्मिनीच्या काळात इंजिनाची ताकद मागच्या चाकांना जायची आणि पुढची चाकं नुसती वळायची. मागे ताकद नेणाऱ्या लांब दांड्याच्या टोकांना जॉइंट क्रॉस, म्हणजे कोनात वळू देणारे सांधे, असायचे. त्या क्रॉसची एक खोड असते : दोन दांडे एकमेकांशी कोनात असले की एकाने समान गतीने फिरवलं तरी दुसरा प्रत्येक फेऱ्यात दोनदा पुढे पळतो आणि दोनदा रेंगाळतो. दोन क्रॉस नीट जुळवून लावले की एकाची चूक दुसरा भरून काढतो, म्हणून तिथे निभावतं. पण पुढच्याच चाकांनी ओढायचंही आणि वळायचंही म्हटलं, की चाळीसेक अंशांच्या कोनात हा अडखळता फेरा स्टिअरिंगवर हाताला जाणवणार. त्यावर आल्फ्रेड रझेप्पा नावाच्या इंजिनिअरने १९२०च्या दशकात उपाय काढला. आत एक वाटी, बाहेर एक वाटी, दोन्हींत खाचा, खाचांत सहा पोलादी गोळ्या आणि त्यांना धरून ठेवणारा एक पिंजरा. दांडे कोणत्याही कोनात असोत, पिंजरा गोळ्यांना बरोबर त्या कोनाच्या अर्ध्यावरच्या पातळीत ठेवतो, त्यामुळे जेवढी गती आत तेवढीच बाहेर. म्हणून याला सीव्ही, म्हणजे समान गतीचा, जॉइंट म्हणतात. काकांनी हे पार्किंगच्या फरशीवर खडूने काढून दाखवलं आणि ते चित्र पुसायला कुणाचा हात धजावला नाही.

१९५९मध्ये इंग्लंडात मिनी आली ती हाच जॉइंट घेऊन, आणि आपल्याकडे डिसेंबर १९८३मध्ये मारुती ८००ने पुढच्या चाकांची ओढ घरोघरी नेली. आज रस्त्यावरच्या बहुतेक छोट्या गाड्या याच गोळ्यांच्या भरवशावर वळतात. या गोळ्यांना लागतं काय, तर मॉलिब्डेनमचं काळं ग्रीस आणि धूळ-पाण्यापासून संरक्षण. दोन्हींची जबाबदारी त्या रबरी बुटावर. अख्ख्या जुळणीतला सगळ्यात स्वस्त भाग तोच.

तो फाटला की लगेच काहीच होत नाही. गाडी तशीच छान वळते. फेऱ्याफेऱ्याला ग्रीस बाहेर उडतं, आणि आत येतं ते आपल्या रस्त्यांवरचं सगळं. २०२४च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदी फुगली तेव्हा आम्ही गाडी पुलावर नेऊन ठेवली होती आणि वाचवली म्हणून खूश होतो. पाणी ओसरल्यावर त्याच गाडीने आठवडाभर गाळातून फिरलो. चीर तेव्हा होती की नंतर पडली ते गाडीलाच ठाऊक. पण आतली खराबी महिनोन्‌महिने बिनबोभाट चालू असते आणि कट-कट ऐकू येईपर्यंत गोळ्यांनी खाचा खाल्लेल्या असतात. म्हणजे कानांवर विसंबलो तर आपण बूट बदलण्याची वेळ घालवून जॉइंट बदलण्याच्या वेळेला पोचतो. बूट शेकड्यांत येतो, जॉइंट हजारांत.

खोलायचं काम रविवारी सकाळी काढलं. एक्सलचा मोठा नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करायचा, कारण जॅकवरच्या गाडीशी झटापट करण्यात काही शहाणपणा नाही. नवरा ब्रेकवर पाय दाबून बसला, मी पान्याच्या दांडीत लांब पाईप घातला आणि वजन टाकलं. नट सुटला तो असा कडाडून की वरच्या मजल्यावरून दोघं डोकावली. मग जॅक, आणि जॅकच्या भरवशावर न राहता खाली लोखंडी घोडी. विटांचा ढीग लावून खाली शिरणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांच्या बायकांची मला काळजी वाटते. चाक काढलं, चाकाला खालून धरणाऱ्या लोअर आर्मचा बॉल जॉइंट सोडवला, हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) बाहेर ओढून एक्सलचं टोक मोकळं केलं. गिअरबॉक्सकडचं टोक हलवलंच नाही, म्हणजे तेल सांडायचा प्रश्न नाही. फक्त एक्सल लोंबकळू नये म्हणून तारेने वर बांधला. बाहेरचा जॉइंट आतल्या स्प्रिंगच्या रिंगने अडकलेला असतो. पितळी दांडा टेकवून हातोडीचा एक मनापासून ठोका दिला की तो निघून हातात येतो.

आतलं ग्रीस काळं राहिलंच नव्हतं, तपकिरी झालं होतं. चिमटीत चोळलं तर रेव लागली. रॉकेलमध्ये धुऊन पिंजरा एका बाजूला कलता केला की एक गोळी वर येते. ती काढायची, मग पुढची. सहाही गोळ्या वर्तमानपत्रावर ओळीने ठेवल्या. चार चकचकीत. दोघींवर मात्र फिकट, खडबडीत डाग, आणि वाटीच्या एका खाचेत पुढच्या बाजूला इतका बारीक खड्डा, की डोळ्यांना तो नुसता डाग वाटावा. काका म्हणाले, "नख फिरव." फिरवलं, आणि अडकलं. सगळी कट-कट त्या नखाएवढ्या जागेत होती.

एका मेकॅनिकने सुचवलं होतं की डावा-उजवा जॉइंट अदलाबदल करा, आवाज जाईल. ते खोटं नाही. पुढे जाताना गोळ्या खाचेच्या एकाच बाजूला रेटतात, बाजू बदलली की न झिजलेली कड कामाला येते. पण तो शेवटी आजचं मरण उद्यावर ढकलण्याचा प्रकार. तसंच नव्या ग्रीसचं : खड्डा पडल्यावर ग्रीस भरलं तर काही दिवस आवाज दबतो, खड्डा काही भरून येत नाही. आम्ही नवा जॉइंट घेतला. दुकानात जुना पिशवीत घालून न्यावा हे बरं, कारण एकाच मॉडेलमध्येही आतल्या दात्यांची संख्या वेगळी निघू शकते. दुकानदाराने काउंटरवर दोन्ही शेजारी ठेवून दाते मोजले तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

बसवण्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही, उलट्या क्रमाने सगळं तेच. पाकिटातलं ग्रीस सगळं वापरायचं, थोडं उद्यासाठी ठेवायचं नाही. क्लिप आवळण्याआधी बुटातली कोंडलेली हवा सोडायची. एक्सलचा नट नवा घालायचा आणि पुस्तकात दिलेल्या टॉर्कनेच, म्हणजे तेवढ्याच पिळाने, कसायचा, अंदाजाने नाही. तो सैल राहिला तर पुढचा बळी बेअरिंगचा. मग नटाची कड छिन्नीने खाचेत ठोकायची. काकांनी टॉर्क पाना कुठून तरी मागून आणला होता आणि 'टक्' वाजेपर्यंत कुणाला हात लावू दिला नाही.

फाटकातून उजवीकडे पूर्ण वळवून गाडी बाहेर काढली. वॉचमन बघत होता. काहीच वाजलं नाही म्हटल्यावर त्याने "में तो कह्युं हतुं" असं जाहीर केलं, आणि ते खरंच होतं.

तेव्हापासून मला पार्किंगमधून जाताना दुसऱ्यांच्या चाकांच्या आत मोबाईलचा टॉर्च मारून बघायची सवय लागली आहे. आमच्या शेजारच्याच जागेत उभ्या असलेल्या पांढऱ्या गाडीचा उजवा बूट फाटलेला दिसला, ग्रीस अजून ओलं होतं. मालक भले गृहस्थ. त्यांना हाक मारून वाकायला लावलं, चीर दाखवली, आता नुसता बूट आणि ग्रीस बदललं तर जॉइंट वाचेल हेही समजावलं. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"पण बेन, अवाज तो नथी आवतो ने?"

नाही येत, म्हटलं.

"तो दिवाळी पछी जोइशुं."