गंधरस नाकारला, म्हणून मॉर्फिनही?

रुग्णालयाच्या उपशामक (वेदना कमी करणाऱ्या) विभागातल्या सिस्टरांनी त्या दिवशी बोलावले ते एका गोळीसाठी. कॅन्सर हाडांत पसरलेला, कूस बदलली तरी जीव कासावीस. शून्य ते दहाच्या मापावर आजोबा दुखणे नऊ सांगत होते आणि मॉर्फिनची गोळी मात्र परत करत होते. त्यांचा आधार बायबलमधले मार्क १५:२३. वधस्तंभावर खिळताना देऊ केलेला गंधरस मिसळलेला द्राक्षारस प्रभूने घेतला नाही, मग शिष्याने गुंगीचे औषध का घ्यावे? “दुःखात भागी झालो तरच गौरवात भागी, पाळकसाहेब. रोम ८:१७.”

दोन्ही वचने खरी, पण त्यांची सांगड चुकलेली. हा घोळ आपल्या मंडळ्यांतूनच येतो, कारण आपण प्रत्येक त्रासाला वधस्तंभ म्हणून मोकळे होतो. मार्क ८:३४ मधला वधस्तंभ माणूस येशूसाठी आणि सुवार्तेसाठी आपणहून उचलतो. माघारी फिरायची वाट त्याला मोकळी असते. गाठ कोणी आपणहून घेत नाही. तिची जागा रोम ८:२२-२३ मध्ये आहे: सारी सृष्टी कण्हते आणि शरीराच्या मुक्तीची वाट पाहत आपणही कण्हतो. वधस्तंभ टाकणे म्हणजे प्रभूला सोडणे. वेदनेवर औषध घेतल्याने कोणी प्रभूला सोडत नाही.

मग योहान १९:२८-३० उघडले. त्याच वधस्तंभावर प्रभू पुढे “मला तहान लागली आहे” म्हणतो आणि दिलेली आंब (आंबट द्राक्षारस) घेतो. आजोबांनी चष्मा मागवला, ओळीखाली बोट धरून ते स्वतः वाचले, पुन्हा वाचले. अटकेआधी गेथशेमाने बागेत प्रभूने दुःखाचा प्याला टळावा म्हणून विनवले. पौलाने शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा मागितले. सुटका मागणे अविश्वास असता, तर ही दोन्ही ठिकाणे शास्त्रात बसलीच नसती. तीमथ्याला तर पोटासाठी थोडा द्राक्षारस घे असे सरळ सांगितले आहे (१ तीमथ्य ५:२३).

“मग माझं सोसणं फुकटच?” खरा प्रश्न हा होता, गोळीचा नव्हता. रोम ८:१७ ची सुरुवात मुलांपासून होते: मुले, म्हणून वारस. वारसा मजुरीने मिळत नाही. आणि ८:१८ मध्ये पौल सध्याची दुःखे गौरवाशी तोलून बघायलाही तयार नाही. तेव्हा कळा जास्त तर गौरव जास्त, हा हिशेब तिथे नाहीच. फुकट मात्र काही जात नाही, कारण शब्द सुचत नाहीत तिथे आत्मा स्वतः विनंती करतो (८:२६).

गोळी दर चार तासांनी, दुखणे चढायची वाट न पाहता. मध्येच कळ आली तर डॉक्टरांनी लिहून दिलेला जादा डोस. रेचक पहिल्या दिवसापासून, कारण मॉर्फिनने बद्धकोष्ठ होते आणि त्याला कंटाळून लोक औषध सोडतात. सुस्ती बहुधा काही दिवसांत ओसरते. हे सगळे डॉक्टरांनी समजावले. शास्त्राचा अडसर काढणे तेवढे पाळकाचे काम. संध्याकाळी आकडा पाचवर होता. सकाळी एक वचन धड ऐकवत नव्हते, आता रोम ८ सलग वाचून घेतला.

भेटीला येणाऱ्या बंधुभगिनींना एवढेच सांगितले: आल्या आल्या रोम ८:२८, म्हणजे देवावर प्रीती करणाऱ्यांना सगळे मिळून कल्याणकारक होते हे वचन, ऐकवू नका. कळा येत असताना ते वचन ‘रडू नकोस’ असे ऐकू येते. आधी स्तोत्र १३ वाचा. सहाच वचने आहेत, आणि पहिल्या दोनांत देवालाच चारदा ‘कोठवर?’ विचारले आहे. मग आजारी माणूस स्वतः काय वाचायला सांगतो, ते ऐका.