भिगवणचा तो फोटो

काल टाकलेला अग्निपंखांचा (फ्लेमिंगोंचा) फोटो बऱ्याच जणांना आवडला. त्याची गोष्ट सांगायची राहिली.

सहाला कुंभारगावच्या काठावर पोचलो तर उजनी धरणाच्या पाण्यावर धुकं एवढं, की होडीचं टोक दिसेना. नावाडीदादा म्हणाले, "घाई करू नका, ऊन पडू द्या." मग दोन कप चहा, आणि गप्पा. त्यांच्या आजोबांचं शेत धरणात गेलं, म्हणून घरात मासेमारी आली. आम्ही तरंगत होतो ते कुणाचं तरी शिवार होतं. कॅमेरा जरा वेळ मांडीवरच राहिला.

थवा दिसला तेव्हा सगळे माना उलट्या घालून चिखलपाणी गाळण्यात दंग. दादांनी इंजिन बंद केलं, बांबूनं होडी रेटली. पक्षी उडवायचे नाहीत, हा त्यांचा नियम. तेवढ्यात शेजारच्या होडीतून कुणीतरी टाळ्या वाजवल्या. (असे महाभाग सगळीकडे असतात.) पक्षी पाण्यावर धावत सुटले, पंखांतला लाल रंग उघडला आणि मी पण बटण दाबलंच की!

तोच हा फोटो. परतताना दादा फारसे बोलले नाहीत. उतरताना मात्र म्हणाले, "चांगला आला असंल तर पाठवा व्हॉट्सॲपवर."

अजून पाठवलेला नाही.