आधी श्वास मोजावा

मंगळवार, रात्री उशिरा

बालरुग्ण विभागात नव्याने रुजू झालेल्या परिचारिकेला आज मी पहिली सूचना दिली ती हात आवरण्याची. मोठ्यांच्या वॉर्डातून आल्यामुळे खाटेजवळ पोहोचताच थर्मामीटर काढण्याची तिला सवय आहे. लहान मूल मात्र एकदा रडू लागले की श्वासाची आणि नाडीची नोंद विश्वास ठेवण्याजोगी राहत नाही. म्हणून मूल आईच्या मांडीवर शांत असताना किंवा झोपेत असताना, दोन पावले दूर उभे राहून, पोट आणि छातीची हालचाल पाहत आधी श्वास मोजावेत. मग स्टेथोस्कोप लावावा. ताप पाहणे, घसा तपासणे, सुई टोचणे ही मुलाला न आवडणारी कामे शेवटी ठेवावीत. श्वासही पूर्ण एक मिनिट मोजावे लागतात. तान्ह्या बाळाचा श्वास एका लयीत चालत नाही. तो काही क्षण थांबतो आणि पुन्हा भराभर सुरू होतो, त्यामुळे पंधरा सेकंदांचा आकडा चारने गुणून काढलेली संख्या बहुधा चुकते.

खोकला घेऊन आलेल्या मुलाच्या बाबतीत या एका मिनिटाला फार मोल आहे. दोन महिन्यांखालील बाळात मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांच्या मुलात ४० किंवा अधिक श्वास भरले, तर न्यूमोनियाची शंका घ्यावी लागते. अगदी लहान बाळात आकडा वर गेलेला दिसल्यास मी तो पुन्हा मोजून पाहते. मात्र श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल किंवा मूल कण्हत असेल, तर मोजणी पुरी करण्यात अर्थ नाही; तेव्हा डॉक्टरांना हाक मारायची आणि ऑक्सिजनची तयारी करायची.

जुलाबाची दोन मुले आज शेजारशेजारच्या खाटांवर होती. एक सारखे किरकिरत होते आणि चमचा जवळ नेला की अधाशासारखे पीत होते. दुसरे गप्प पडून होते. बघायला आलेल्या नातेवाइकांना रडणाऱ्या मुलाची काळजी वाटत होती, माझे लक्ष मात्र गप्प मुलाकडे होते. डोळे खोल गेलेले, पोटाच्या त्वचेची चिमट सोडल्यावर ती हळूहळू सपाट होणारी आणि त्यातच मूल सुस्त, प्यायला न मागणारे, असे दिसले तर तिथे चमच्याने भागत नाही, सलाईन लागते. त्याला ते लगेच लावले गेले.

किरकिरणाऱ्या मुलाचे वजन ८ किलो होते. अशा मध्यम शोषात, म्हणजे शरीरातले पाणी कमी झालेले असताना, दर किलोला ७५ मिली या हिशोबाने चार तासांत ओआरएस (क्षार-साखरेचे द्रावण) द्यायचे असते, म्हणजे त्याला ६०० मिली. हा आकडा ऐकताच आई घाबरली. मग दर दोन मिनिटांनी ५ मिलीचा एक चमचा असा हिशोब तिच्यापुढे मांडला. चार तासांत बरोबर १२० चमचे होतात. उलटी झाल्यास दहा मिनिटे थांबून पुन्हा जरा सावकाश सुरू करायचे. खरी शुश्रूषा आज त्या आईनेच केली, मी अधूनमधून मूल तपासत राहिले. १९७१ साली पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ असताना आणि सलाईन अपुरे पडत असताना डॉ. दिलीप महालनबीस यांनी क्षारयुक्त द्रावण पाजण्याचे काम नातेवाइकांच्याच हाती दिले होते आणि मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने खाली आले होते. तरीही "निदान एक बाटली तरी लावा" हा आग्रह आम्हाला अजून रोज ऐकावा लागतो.

तापाच्या औषधाबद्दल घरून आलेल्या बाटल्या पाहिल्याशिवाय मी एक अक्षर बोलत नाही. पॅरासिटामॉल वजनावर ठरते, दर किलोला १५ मिलिग्रॅमपर्यंत. ८ किलोच्या मुलाला एका वेळी फार तर १२० मिलिग्रॅम. हे प्रमाण एका सिरपच्या ५ मिलीत असते, दाट सिरपच्या २.४ मिलीत, तर थेंबांच्या काही बाटल्यांत अवघ्या १.२ मिलीत. त्यामुळे "एक चमचा दिला" या उत्तरावरून मला काहीच कळत नाही. थेंबांच्या त्या बाटलीतून चमचा भरला असेल तर मुलाच्या पोटात चौपटीहून अधिक औषध गेलेले असते. दोन मात्रांमध्ये किमान चार तासांचे अंतर हवे आणि दिवसभरात चारांहून अधिक मात्रा नकोत. तापात झटके आले तर मुलाला कुशीवर वळवावे, तोंडात काहीही घालू नये आणि घड्याळ पाहावे. पाच मिनिटांत झटके थांबले नाहीत तर तातडीची मदत लागते. ताप उतरवत राहिल्याने झटके टळतात, असा अनेक पालकांचा समज असतो. औषध मुलाचा त्रास कमी करते, झटक्यांना अटकाव करत नाही.

घरी सोडताना सूचना सांगून "समजले ना?" असे विचारणे मी सोडून दिले आहे, कारण त्यावर सगळेच मान हलवतात. त्याऐवजी आईलाच सांगायला लावते. आज एकीने ओआरएसचे अर्धे पाकीट अर्ध्या पेल्यात कालवण्याची पद्धत मोठ्या आत्मविश्वासाने सांगितली. द्रावण असे दाट झाले की जुलाब उलट वाढू शकतात. पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात ते पूर्ण ओतायचे आणि उरलेले द्रावण २४ तासांनंतर टाकून द्यायचे, हे तिच्याकडून पुन्हा वदवून घेतले. जुलाबासाठी दिलेल्या झिंकच्या गोळ्यांची गत वेगळी: जुलाब थांबले की त्या कपाटात जातात. त्या पूर्ण १४ दिवस द्यायच्या असल्यामुळे आता मी गोळ्यांच्या पाकिटावर शेवटच्या दिवसाची तारीख ठळक लिहून देते.