करंडा

दुपारी देव्हारा पुसताना करंडा कलंडला. पाटावर हळद सांडली वरच्या अंगाला, कुंकू खाली. फडकं हातात तसंच राहिलं आणि तोंडातून निघालं, "अगं बाई, लाल-पिवळा!"

बेळगावात न वाढलेल्याला यातली गंमत कळायची नाही. १ नोव्हेंबर म्हणजे कानडी माणसांचा राज्योत्सव आणि बेळगाव कर्नाटकात गेलं म्हणून मराठी माणसांचा काळा दिवस; त्या दिवशी आमच्या गल्लीत एकाच वेळी सण आणि सुतक असायचं. बापू काळी फीत बांधून सायकल फेरीला जायचे. ती फीत आई आदल्या रात्री मोडक्या छत्रीच्या कापडातून कापायची, तीही कुरकुरत, कारण छत्री तिच्या माहेरची. शेजारच्या कानडी अक्कांच्या दारावर लाल-पिवळा कन्नड झेंडा लागलेला असे. दुपारी बापू घामाघूम होऊन परतले, की गडग्यावरून अक्कांची होळिगे, म्हणजे पुरणपोळी, यायची, वर तुपाची धार. बापूंनी ती फीत सोडून खाल्ली की बांधूनच, आता आठवत नाही. खाल्ली मात्र नक्की. रिकामं ताट परत द्यायचं नाही, म्हणून त्यात आई मूठभर चिवडा घालायची.

कानडी माणसं त्या झेंड्याचे रंग हळद-कुंकवाचेच म्हणून सांगतात, अरिशिन-कुंकुम. हे मला फार उशिरा कळलं. तो केला म. राममूर्तींनी. पत्रकार माणूस, वडील वीरकेसरी सीताराम शास्त्री, तेही पत्रकारच. साठच्या दशकात बंगळुरात कन्नडच परकी झाली, अशी राममूर्तींची तक्रार. त्यासाठी रस्त्यावर उतरले, 'कन्नड पक्ष' काढला, त्याला हा झेंडा दिला. पक्ष आज कोणाला आठवतो? झेंडा मात्र रिक्षारिक्षावर आहे. २०१८ साली सरकारनं मध्ये पांढरा पट्टा आणि गंडभेरुंड, म्हणजे दोन डोक्यांचा पक्षी, घालून नवा नमुना केला. रस्त्यावर अजून जुनाच दिसतो.

आपल्याच गावात आपली भाषा परकी. बापूंची तरी दुसरी काय तक्रार होती? हे त्यांच्यासमोर म्हणायची माझी छाती झाली नसती.

१९६७ च्या डिसेंबरात राममूर्ती शेतात विहीर खणत होते. माती ढासळली. ते गेले, सोबत दोन मुलगेही गेले. घरी बायको उरली.

तिच्या करंड्याचा विचार मला झेंड्याच्या आधी सुचायला हवा होता.

हळद निघाली पुसून. कुंकू पाटाच्या फटीत बसलंय, काही केल्या निघत नाही.