डावीकडून दुसरे

रविवारी सकाळी घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर काकांनी एक बाई पाठवली. म्हणजे बाईचा फोटो. अंगानं भरलेली, भुवया एकमेकींना भिडलेल्या आणि वरच्या ओठावर लव म्हणावी तर जरा जास्तच. खाली मजकूर होता: ही इराणची राजकन्या काजार, हिच्या रूपावर भाळलेल्या १३ तरुणांनी नकार सहन न होऊन जीव दिला. पाठोपाठ हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. वहिनीनं लिहिलं, "माझे पार्लरचे पैसे वाचले." आत्यानं लिहिलं, "त्या पोरांनी आधी चष्म्याचा नंबर काढायचा."

मीही हसले, आणि चहा गार होईस्तोवर त्या बाईचा पत्ता काढत बसले. तो रविवार गेलाच. पुढचे दोनेक महिने रोज रात्री जेवणं आटोपली की मी तेहरानमध्ये असायची.

पहिली गोष्ट, काजार हे तिचं नावच नाही. ते घराण्याचं नाव, १९२५ पर्यंत इराणच्या गादीवर असलेल्या. 'राजकन्या भोसले' म्हणण्यासारखं झालं. दुसरी गोष्ट, ही एक बाई नव्हेच. नासिरुद्दीन शाहच्या दोन मुली, इस्मत-उद-दौला आणि तिच्याहून पुष्कळ धाकटी ताज-उस-सल्तनत, यांना कुणीतरी एकत्र कालवलं आहे. ओठावरची लव तेव्हा देखणेपणाची खूण होती. नसली तर बायका काळं लावून ती उठावदार करत. आणि १३ तरुणांचं काय? जनानखान्यात वाढलेल्या, लहानपणीच लग्न ठरवून टाकलेल्या मुलीला पाहायला परका तरुण पोचणार कुठून? ताजनं पुढे आठवणी लिहिल्या. त्यात जनानखान्याची आणि बापाच्या कारभाराची चांगलीच खरडपट्टी आहे. बायकांच्या चळवळीतही ती होती. ते कुणी फॉरवर्ड करत नाही.

हे सगळं मी ग्रुपवर सविस्तर लिहिलं. काकांचं उत्तर आलं, "पण फोटो तर खरा आहे ना?"

आहे. तोच तर घोळ आहे.

हे फोटो मुळात एवढे सापडतात कसे, याचं कारण खुद्द नासिरुद्दीन शाह. १८४८ ते १८९६ गादीवर होता, आणि त्याला कॅमेऱ्याचं वेड होतं. वेड म्हणजे फोटो काढून घ्यायचं नव्हे, काढायचं. काचेवर रसायन पसरायचं, ते ओलं असतानाच फोटो घ्यायचा आणि लगोलग अंधारात जाऊन धुवायचा, असला तो उद्योग. परक्या पुरुषाला जनानखान्यात मज्जाव, म्हणून राण्यांचे फोटो राजेसाहेबच काढणार. दरबारात 'अक्कासबाशी' असं पद निर्माण झालं, म्हणजे मुख्य छायाचित्रकार. तेहरानच्या गुलिस्तान राजवाड्यात ते अल्बम अजून आहेत. त्यातल्या कितीतरी फोटोंवर शाहनं स्वतःच्या हातानं कोण, कुठे, कधी ते लिहून ठेवलंय. आपले चिटणीस आणि फडणीस हे फारसी 'नवीस'वरून, म्हणजे 'लिहिणारा'वरून आले, त्या हिशेबानं हा राजा स्वतःचाच फोटोणीस.

त्याच्या अल्बममध्ये राण्या आहेत, खोजे आहेत, शिकारी आहेत, तुरुंगातले कैदी आहेत. मलिजक नावाचं एक लाडावलेलं पोर आहे. राजाचं त्याच्यावर इतकं प्रेम की सख्खी मुलं बाजूला पडली. बब्री खान नावाची मांजरही होती, तिचा थाट एखाद्या सरदाराला लाजवील असा. मला हे सगळं बघताना राग यावा की हसू, ते कळत नव्हतं. त्याच राजानं १८९० मध्ये देशातल्या तंबाखूचा सगळा मक्ता एका इंग्रज मेजरला देऊन टाकला होता. मग धर्मगुरूच्या नावानं फतवा निघाला, लोकांनी हुक्के ठेवून दिले. राजाच्या स्वतःच्या जनानखान्यातसुद्धा हुक्का पेटेना. शेवटी १८९२ मध्ये मक्ता रद्द करावा लागला.

पण याच माणसाच्या खात्यावर आणखी एक गोष्ट लिहायला हवी. मुंबईच्या पारशी मंडळींनी १८५४ मध्ये माणेकजी लिमजी हटारिया यांना इराणातल्या जरथुष्ट्री भाईबंदांची हालहवाल बघायला पाठवलं. त्यांनी जवळजवळ तीस वर्षं अर्ज-विनंत्या केल्या, तेव्हा १८८२ मध्ये या शाहनं जरथुष्ट्री लोकांवरचा जिझिया उठवला. तरी यज्द-केरमानकडचे लोक मुंबई-पुण्याला येतच राहिले. कोपऱ्यावरच्या इराण्याकडे ब्रून मस्का खाताना हा इतिहास काही दाताखाली येत नाही.

१ मे १८९६ ला, राज्याचा पन्नासावा चांद्रवर्षीय सोहळा तोंडावर असताना, शाह अब्दुल अझीमच्या दर्ग्यात मिर्झा रझा केरमानीनं त्याला गोळी घातली. बोभाटा होऊ नये म्हणून वजिरानं मेलेल्या राजाला बग्गीत ताठ बसवून, जिवंत असल्यासारखा शहरात आणला. आयुष्यभर लोकांना पोझ द्यायला लावलेल्या माणसाची ही शेवटची पोझ. फाशीआधीचा केरमानी मात्र साखळदंडांसकट फोटोत आहे, आणि थेट आपल्याकडे बघतो.

मला सगळ्यांत आवडले ते १९०६ च्या उन्हाळ्याचे फोटो. राज्यघटना हवी, संसद हवी, म्हणून तेहरानचे व्यापारी आणि कारागीर इंग्रजी वकिलातीच्या बागेत जाऊन बसले. याला तिकडे 'बस्त' म्हणतात. आश्रय घेतलेल्या जागेतून कुणाला ओढून नेता येत नाही, असा जुना रिवाज. बघता बघता बारा-चौदा हजार माणसं जमली. बागेत शेकडो तंबू ठोकले, प्रत्येक धंद्याचा वेगळा. चांभारांचा, कल्हईवाल्यांचा, इतकंच काय, अक्रोड विकणाऱ्यांचासुद्धा. बाजार बंद पडला. आणि फोटोत काय दिसतं? माणूस आत उभा राहील एवढाली पातेली. क्रांतीचं चित्र म्हणजे बंदुका आणि झेंडे अशी आपली समजूत. इथे भात शिजतोय. बाह्या सरसावलेले आचारी, हातात पळे, आणि चेहऱ्यावर आपल्याकडच्या भंडाऱ्यातल्या माणसांचा असतो तसा, 'फोटो नंतर, आधी झाकण धर' असा भाव. डिसेंबरात नासिरुद्दीनच्या मुलानं, आजारी मुझफ्फरुद्दीन शाहनं, घटनेवर सही केली आणि आठवड्याभरात तो गेला. मला मात्र पळेवाला आठवतो. त्याचं नाव कुठेच नाही.

पुढच्या शाहनं जून १९०८ मध्ये संसदेवर तोफा डागल्या. त्याच धामधुमीत आंत्वान सेवर्युगिन या छायाचित्रकाराचा तेहरानमधला स्टुडिओ उद्ध्वस्त झाला. न्हावी, दरवेशी, पैलवान, बाजार, राजवाडा, सगळा इराण त्यानं काचांवर उतरवला होता. सात हजारांच्या आसपास काचा होत्या, वाचल्या दोनेक हजार. त्यातल्याही बऱ्याच पुढे, काजारांनंतर गादीवर आलेल्या रझा शाहनं जप्त केल्या. त्याला नवा, आगगाडीतला, हॅट घातलेला देश दाखवायचा होता. उंटवाले आणि दरवेशी कशाला?

रझा शाहच्या काळातले फोटो मला सोसवले नाहीत फार. ८ जानेवारी १९३६ ला त्यानं राणीला आणि मुलींना चादरीविना, म्हणजे तिकडच्या अंगभर बुरख्याविना, समारंभाला नेलं आणि देशभर बुरख्याला बंदी केली. अधिकाऱ्यांना बायकांसह मेळाव्यांना यायची सक्ती. त्या मेळाव्यांच्या फोटोंत बायका रांगेनं उभ्या असतात, ओव्हरकोटात, हॅट जमेल तेवढी खाली ओढलेली. त्याच दिवसांत रस्त्यावर पोलिस चादरी ओढून फाडत होते, आणि कित्येक म्हाताऱ्यांनी घराबाहेर पडणंच सोडलं. बाहेर न पडलेल्या बाईचा फोटो कोण काढणार? १९४१ मध्ये इंग्रज-रशियनांनी त्याला गादीवरून उतरवलं. ज्या बोटीतून त्याला नेलं तिचं नाव 'बांद्रा'. ती मुंबईपर्यंत आलीही, पण त्याला किनाऱ्यावर उतरू दिलं नाही. दुसऱ्या बोटीत घालून मॉरिशसला रवाना केलं.

मग पंतप्रधान मोसाद्देग, त्यांनी सरकारी मालकीचं केलेलं तेल, त्यांना उलथवणारा १९५३ चा उठाव, ते सगळं तुम्हाला ठाऊक असेल. मी सरळ १९७९ वर येते, कारण तिथे एक फोटो आहे जो मी दोनदाच बघितला. इस्लामी क्रांती नुकतीच झालेली, २७ ऑगस्ट, कुर्द भागातल्या सनंदजचा विमानतळ. अर्ध्या तासाच्या खटल्यानंतर अकरा कैद्यांना, त्यातले बहुतेक कुर्द, गोळ्या घालतायत. डोळ्यांवर पट्ट्या आहेत, काही जण कोसळतायत, आणि उजवीकडचा एक अजून उभा आहे, हात छातीशी धरून. 'इत्तेलाआत' दैनिकानं तो छापला, पण काढणाऱ्याचं नाव न देता. त्याचा जीव वाचावा म्हणून. पत्रकारितेतलं मानाचं पुलित्झर पारितोषिक १९८० मध्ये त्या फोटोला मिळालं, एका निनावी माणसाच्या नावे. जहांगीर रझमी हे नाव जाहीर व्हायला २००६ उजाडलं. इतकी वर्षं तो गप्प राहिला. इथे फोटोखालची कोरी जागा म्हणजे त्याचं चिलखत होतं.

त्या रात्री मी लॅपटॉप मिटला आणि आजोबांच्या कचेरीचा ग्रुप फोटो कपाटातून काढला. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला, खाली सुबक अक्षरांत: खुर्चीवर बसलेले, डावीकडून. मग उभे, डावीकडून. आजोबा उभ्यांत दुसरे. प्रत्येकाचं नाव, हुद्दा, पदवी. खुर्च्यांच्या पुढे सतरंजीवर मांडी घालून दोन पट्टेवाले बसलेत. त्यांची ओळच नाही. पन्नास वेळा बघितलेला फोटो, आणि माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आत्याला विचारलं. तिनं चष्मा वर केला, पुठ्ठा डोळ्यांपाशी नेला. "हा सखाराम असावा. आंब्याची पेटी आणून द्यायचा तो. का हा दुसरा सखाराम?" मग म्हणाली, "थांब, ग्रुपवर टाकते."

संध्याकाळपर्यंत उत्तरं आली. माणसं दोन, नावं पाच. काकांना तर पाचही पटतायत.